ग्रामीण रुग्णालयात मधुमेहाचे उपचार: पहिल्या केसपेपरपासून वर्षाच्या तपासणीपर्यंत

रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी "डायबेटिस आहे, गोळ्या सुरू करू" असे सांगितले आणि दर महिन्याचा खर्च कसा झेपायचा हा विचार घरात सुरू झाला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या आईचे मधुमेहाचे सगळे उपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चालतात. तिच्याबरोबर मी जाते. आधी गोळ्या होत्या, आता इन्सुलिन आहे. तिथे औषध मिळते आणि रक्त तपासतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हा आजार घरी कसा सांभाळायचा हे शिकवणारी माणसेही तिथेच बसलेली असतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. गोळ्या खिडकीवर आपोआप हातात पडतात. शिकवणी मागून घ्यावी लागते. ती कशी मागायची आणि तिच्यात काय काय विचारायचे, यावरच मी जास्त लिहिले आहे.

१. कुठे जायचे

गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे ज्यावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असते तिथे, तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी तपासतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तो याचसाठी. तिथे बोटाच्या थेंबावर साखर जास्त दिसली की पुढे ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. बोटाच्या तपासणीवर मधुमेह पक्का ठरवत नाहीत. शिरेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट लागतो.

मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा आजारांसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याखाली ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत वेगळा 'एनसीडी' विभाग असतो. एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य रोग. केसपेपरच्या खिडकीवर "एनसीडीची खोली कोणती?" एवढेच विचारा. काही ठिकाणी मधुमेहाचा वार ठरलेला असतो, तोही त्याच वेळी विचारून ठेवा, म्हणजे एसटीचे भाडे वाया जाणार नाही.

पैशांचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या विभागात येत नाहीत. तिथले दर तिथेच विचारावे लागतात.

२. पिशवीत काय काय हवे

- आधार कार्ड, आणि असेल तर १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर). नसेल तर रुग्णालयात काढून मिळतो.
- चालू असलेला मोबाईल. रक्ताचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत जातात आणि रिपोर्टचा निरोप मोबाईलवर येतो, म्हणून नंबर घरात सतत असणाऱ्या माणसाचा द्या.
- आधीचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.
- चालू गोळ्यांची पाकिटे. चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही, पाकिटावरचे नाव लागते. बीपीच्या, थायरॉईडच्या, सांधेदुखीच्या गोळ्या आणि वैद्यांची चूर्णेसुद्धा न्या.
- दोनशे पानी वही आणि पेन.
- जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, थोडी साखर.

वहीचे महत्त्व मी मुद्दाम सांगते. केसपेपर हरवतो, भिजतो, नवा काढावा लागतो. वही मात्र घरची असते. प्रत्येक वेळी तारीख, साखरेचे आकडे, वजन, बीपी आणि बदललेली गोळी त्यात लिहा. डॉक्टर बदलून गेले तरी नव्या डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळा इतिहास कळतो.

३. रक्त देण्याची सकाळ

उपाशीपोटी साखर म्हणजे किमान आठ तास काही न खाता दिलेले रक्त. पाणी चालते, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभे राहू नका. त्याने साखर एकदम खाली जाऊन माणूस रांगेतच कोसळू शकतो. औषध बरोबर न्या, पहिले रक्त दिल्यावर ते नेहमीप्रमाणे जेवणाआधी किंवा जेवणासोबत घ्या आणि डबा उघडा.

जेवणानंतरची साखर दोन तासांनी बघतात. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. जेवण संपल्यापासून मोजले तर आकडा फसवा येतो. पहिल्या घासाची वेळ वहीत लिहा. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन गोड आकडा मिळवू नका. रोज जे खाता तेच खा, कारण औषध त्या आकड्यावर ठरणार आहे.

तिसरी तपासणी एचबीए१सी, म्हणजे लोक जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती. तिला उपाशी राहावे लागत नाही. आदल्या आठवड्यात केलेले पथ्य तिच्यावर फारसा परिणाम करत नाही, म्हणूनच ती महत्त्वाची. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: अंगात रक्त कमी असेल किंवा घरात कुणाला सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर हा आकडा खरा येईलच असे नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे फार लागू पडते.

४. आकडे कसे वाचायचे

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आला तर मधुमेह मानतात. त्रास काही नसेल तर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था. तिथे आहार, चालणे आणि वजन यांवर आजार लांबवता येतो.

उपचार सुरू झाल्यावर बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आत असे लक्ष्य ठेवतात. पण सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला डॉक्टर थोडी सैल मर्यादा देतात, कारण त्या वयात साखर खाली जाणे जास्त धोक्याचे. शेजारच्या काकांच्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नका. "माझे लक्ष्य किती?" हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

५. शिकवणी मागून घ्या

एनसीडी विभागात डॉक्टरांबरोबर सिस्टर आणि समुपदेशक अशी पदे असतात. डॉक्टरांसमोर रांग असते, त्यांना एका रुग्णाला फार वेळ देता येत नाही. म्हणून डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर सरळ औषधाच्या खिडकीकडे जाऊ नका. समुपदेशक किंवा सिस्टर यांच्याकडे जाऊन म्हणा, "सिस्टर, नवीनच निघालाय. घरी काय करायचं ते नीट सांगाल का? तुम्हाला वेळ कधी आहे?" सकाळी गर्दी असली तर त्या ओपीडी ओसरल्यावरची वेळ सांगतील. तेवढे थांबा. या एका थांबण्याने पुढची कित्येक वर्षे सोपी होतात, हे मी आईच्या बाबतीत पाहिले आहे.

घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला बरोबर न्या. बाबांना मधुमेह आणि शिकवणी फक्त बाबांना, तर ताटात काही बदलत नाही.

विचारायचे प्रश्न आधी लिहून न्या. माझ्या यादीतले सांगते:

- माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या गोळीने साखर फार खाली जाऊ शकते?
- एखादी गोळी विसरली तर काय करायचे?
- उपास असेल त्या दिवशी औषध कसे घ्यायचे?
- घरी साखर किती वेळा तपासायची, आणि कोणत्या वेळी?
- माझे पाय आज तपासाल का?
- डोळ्यांसाठी कुठे आणि कोणत्या वारी जायचे?

एका दिवसात सगळे डोक्यात राहत नाही. पहिल्या वेळी गोळ्या आणि साखर खाली जाण्याची लक्षणे एवढेच शिका. पुढच्या महिन्यात आहार, त्यापुढे पाय. आणि शिकलेले परत बोलून दाखवा: "म्हणजे ही गोळी जेवणाआधी, आणि ही जेवताना, बरोबर ना?" ऐकताना समजल्यासारखे वाटते. चूक असेल तर ती बोलताना सापडते.

६. गोळ्या

बहुतेकांना सुरुवातीला मेटफॉर्मिन मिळते. ती जेवणासोबत घ्यायची. पहिले काही दिवस पोट बिघडते, मळमळते. त्यामुळे लोक आपणच बंद करतात. बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते मात्रा हळूहळू वाढवतात. ही गोळी वर्षानुवर्षे चालली की शरीरातले बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून पायाला मुंग्या येत असतील तर त्याबद्दलही विचारा.

दुसरी नेहमीची गोळी ग्लिमेपिराइड. हिने साखर खाली जाऊ शकते, म्हणून ती घेऊन उपाशी राहायचे नाही.

"साखर नॉर्मल आली, आता गोळी कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. साखर बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते. कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. रुग्णालयात साठा संपलेला असेल तर खंड पाडू नका. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातून आणा, तिथे ते बरेच स्वस्त पडते. संपायच्या दिवशी नाही, चार दिवस आधी निघा.

कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड घरात असतेच. खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडणे मला मान्य नाही. 'महिनाभरात मधुमेह मुळासकट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. अशा पुड्यांत साखर उतरवणारी ऍलोपॅथिक औषधे मिसळलेली सापडली आहेत.

७. इन्सुलिन सुरू झाले तर

इन्सुलिन म्हणजे शेवट, अशी समजूत गावात घट्ट आहे. तसे नाही. वर्षे जातात तसे शरीराचे स्वतःचे इन्सुलिन कमी पडते, ते बाहेरून द्यावे लागते, एवढेच. लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहात तर ते पहिल्या दिवसापासून लागते आणि एक दिवसही बंद करता येत नाही.

सर्वात मोठा धोका सिरिंजचा आहे. हा परिच्छेद कृपा करून दोनदा वाचा. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते आणि पेनमधले १०० युनिटचे. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लागते, तिचे टोपण लाल असते. १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. दुकानदाराने घाईत चुकीची दिली आणि १०० च्या सिरिंजमध्ये ४० चे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट झाले, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर २० च्या जागी ५० युनिट जातात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवा.

गढूळ दिसणारे मिश्र इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच गोल फिरवून एकसारखे करा, जोरात हलवू नका. ३०/७० चे साधे मिश्रण जेवणाआधी अर्धा तास घेतात. पोटावर, बेंबीपासून दोन बोटे दूर, किंवा मांडीवर टोचायचे आणि रोज जागा थोडी बदलायची. एकाच जागी टोचत राहिले की तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. औषध सोडल्यावर दहापर्यंत मोजून सुई काढा. पहिले काही डोस सिस्टरांच्या समोर स्वतः घेऊन दाखवा.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायची. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. चालू बाटली घरात सावलीत चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा आणि ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. आमच्या भागात उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा हाच उपाय कामी येतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा आणि भरली की रुग्णालयात कुठे द्यायची ते विचारा. उकिरड्यावर टाकली तर कचरा वेचणाऱ्या मावशीच्या हातात घुसते.

८. साखर खाली गेली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक चिडचिड, बोलताना गोंधळ. ही लक्षणे घरातल्या सगळ्यांना, शाळेतल्या नातवालाही पाठ हवीत. साखर ७० च्या खाली म्हणजे कमी. मीटर शोधत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच. बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खायला द्या.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाची साखर एकदा वर येऊन पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालयात न्या.

शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. खुरपणीला, काढणीला जास्त मेहनत होते, त्या दिवशी साखर लवकर उतरते.

९. ताट

अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. एवढे पाळले तरी बराच फरक पडतो. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिनेही साखर वाढते. 'ज्वारी आहे म्हणून कितीही' हे खरे नाही. तेच नाचणीचे. गूळ आणि मध साखरेपेक्षा वेगळे नाहीत. चहा दिवसात किती वेळा होतो आणि प्रत्येक कपात किती चमचे पडतात, हे एक दिवस मोजून पाहा.

उपासाचा दिवस वेगळाच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेहाच्या माणसाला नेमकी भोवते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात बटाटा. खिचडीनंतर दोन तासांनी एकदा साखर तपासा, मग कुणी समजावायची गरज उरत नाही. उपास करायचाच असेल तर ताक, शेंगदाणे, काकडी, थोडी राजगिऱ्याची भाकरी असे ठेवा. निर्जळी उपास करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा मला सर्वात सोपा आणि खात्रीचा उपाय वाटतो.

१०. पाय

मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. काटा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही. जखम दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो आणि ती चिघळते. पाय कापावा लागलेल्या कित्येकांची सुरुवात अशाच एका लहान जखमेने झालेली असते.

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या मधली जागा कोरडी करून, तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, किंवा घरच्यांनी बघावे. तेल लावा, पण बोटांच्या मध्ये नको. नखे सरळ कापा. तळव्यावरची कुरूपे (भोवऱ्या) ब्लेडने कापू नका, औषधी पट्ट्याही लावू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेऊ नका, भाजलेले कळणार नाही.

अनवाणी चालू नका. शेतात नाही, अंगणात नाही. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर मोजे घाला. वारीला जाणाऱ्यांनी आधी पाय तपासून घ्यावेत आणि वाटेत दर मुक्कामाला तळवे बघावेत. अंगठ्याच्या चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली, आतून मऊ सँडल बरी. एमसीआर चप्पल (खास मऊ रबराच्या तळव्याची) मिळते का, हे रुग्णालयात विचारा.

रुग्णालयात नायलॉनच्या एका बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना तपासतात. वेदना अजिबात होत नाही. वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्या. फोड, काळा डाग, सूज किंवा न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

११. वर्षाचे वेळापत्रक

- दर भेटीला: वजन, बीपी, साखर.
- दर तीन महिन्यांनी एचबीए१सी. आटोक्यात आल्यावर सहा महिन्यांनी.
- वर्षातून एकदा: डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडासाठी), कोलेस्टेरॉल, पाय, दात.

डोळ्यांची तपासणी चष्म्याच्या नंबरची नाही, बाहुली मोठी करून पडदा बघण्याची. नजर उत्तम असतानाही पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो, म्हणून मधुमेह कळल्याबरोबर पहिली तपासणी करा. औषध घातल्यावर काही तास धूसर दिसते, त्या दिवशी गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याच रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्या. मधुमेहात क्षयरोगाचा धोका वाढतो.

१२. ताप-उलटीच्या दिवसांत

आजारपणात जेवण जात नाही, तरी साखर वाढू शकते. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. थोडे थोडे पाणी, पेज, ताक देत राहा आणि साखर दर चार तासांनी बघा. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जोरात चालू असेल, पोटात दुखत असेल, ग्लानी येत असेल किंवा साखर ३०० च्या खाली येत नसेल, तर रात्र असली तरी निघा. ग्रामीण रुग्णालयात तातडीचा कक्ष रात्रीही उघडा असतो. निघताना वही आणि गोळ्यांची पिशवी घ्या. निघावे की थांबावे असा प्रश्न पडला तर १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ला मिळतो, आणि गाडी लागली तर १०८.